विश्लेषण : स्कॉटलंडच्या कागदांत दडलेले आयर्लंडमधील गाव कसे शोधतात?

स्कॉटलंडच्या १८५१ च्या जनगणनेचे तक्ते आज कोणालाही घरबसल्या पाहता येतात. ग्लासगोतील एखाद्या दाटीवाटीच्या इमारतीचे पान उघडले, तर स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या माणसापुढे त्याच्या पॅरिशचे आणि काउंटीचे नाव दिसते. शेजारच्या खोलीतील कुटुंबापुढे मात्र जन्मस्थानाच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द असतो : ‘आयर्लंड’. त्या वर्षी स्कॉटलंडमध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेले २ लाख ७ हजार ३६७ लोक होते. आज त्यांचे वंशज आपल्या पूर्वजांचे गाव शोधू लागतात, तेव्हा बहुतेकांचा शोध याच एका शब्दापाशी अडतो. तो पुढे नेण्यासाठी कोणते कागद उपयोगी पडतात, कोणते कायमचे नष्ट झाले आणि डीएनए चाचणी कुठवर साथ देते, याविषयी…

स्कॉटलंडमध्ये आयरिश लोक कधी आणि का आले?

स्कॉटलंडचे किंटायर द्वीपकल्प आणि आयर्लंडचा अँट्रिम किनारा यांच्यातील समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम २० किलोमीटर आहे. त्यामुळे ये-जा फार जुनी. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दाल रिआदा हे गेलिक राज्य या समुद्राच्या दोन्ही काठांवर पसरलेले होते. ‘स्कॉट’ हा शब्दही मुळात रोमन लेखक आयर्लंडमधील गेलिक लोकांसाठी वापरत. पण ही झाली प्राचीन गोष्ट. इतक्या मागे कोणत्याही सामान्य घराण्याची कागदोपत्री साखळी जात नाही.

आज ज्यांचा शोध घेतला जातो ते पूर्वज प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातले. १८४१ मध्येच स्कॉटलंडमध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या १ लाख २६ हजारांवर होती. कालवे, रेल्वेमार्ग, लॅनार्कशायरच्या कोळसा खाणी, कापड गिरण्या यांना मजूर हवे होते. त्यानंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यात सुमारे १० लाख लोक मरण पावले आणि तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. ज्यांच्याकडे अमेरिकेच्या तिकिटाचे पैसे नव्हते, त्यांच्यासाठी ग्लासगो किंवा लिव्हरपूल जवळचे होते. १८५१ मध्ये ग्लासगो आणि डंडी या दोन्ही शहरांत जवळपास दर पाच रहिवाशांमागे एक जण आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. डंडीत आधी लिननच्या आणि पुढे बंगालमधून येणाऱ्या तागाच्या गिरण्यांमध्ये आयरिश स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला होत्या. तेथील लॉकी या वस्तीला ‘लिटल टिपरेरी’ असेच नाव पडले होते.

त्यांच्या प्रवासाची नोंद का सापडत नाही?

अमेरिकेला गेलेल्या आयरिश कुटुंबांचे वंशज जहाजांच्या प्रवासी याद्या चाळतात. स्कॉटलंडच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे, कारण अशा याद्या मुळात केल्याच गेल्या नाहीत. १८०१ पासून आयर्लंड आणि ब्रिटन हे एकच राज्य होते. त्यामुळे बेलफास्ट किंवा डेरीहून ग्लासगोला जाणे हा कायद्याच्या दृष्टीने देशांतर्गत प्रवास होता. आगबोटी सुरू झाल्यावर डेकवरचे भाडे इतके कमी झाले की मजूर काही पेन्समध्ये समुद्र ओलांडत. अनेक जण बटाटे काढणीच्या हंगामापुरते येत आणि परत जात. काही वर्षांनी त्यांच्यातलेच काही इथे स्थायिक होत. त्यामुळे ‘कुटुंब अमुक दिवशी अमुक बोटीने आले’ असे सांगणारा कागद जवळपास कधीच मिळत नाही. कुटुंब केव्हा आले, याचा अंदाज मुलांच्या जन्मस्थानांवरून बांधावा लागतो. थोरल्या मुलापुढे ‘आयर्लंड’ आणि दुसऱ्यापुढे ‘लॅनार्कशायर’ असेल, तर स्थलांतर या दोन जन्मांच्या मधले.

शोध कुठून सुरू करायचा?

नवखे संशोधक आडनाव हाती घेऊन थेट आयर्लंडच्या नोंदींकडे धावतात आणि तिथेच फसतात. जाणकारांचा सल्ला नेमका उलटा असतो : आधी स्कॉटलंडमधील सगळे कागद संपवा, मगच समुद्र ओलांडा. याचे कारण आयर्लंडच्या नोंदींची रचना. तेथे प्रांत, काउंटी, बॅरनी, सिव्हिल पॅरिश आणि सर्वांत खाली टाउनलँड अशी उतरंड आहे. टाउनलँड म्हणजे साधारण आपल्याकडच्या मौज्यासारखा, जमिनीचा सर्वांत लहान घटक. अशी ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत आणि एकच नाव अनेक ठिकाणी आढळते. ‘किल्मोर’ नावाचे पॅरिश कॅव्हनमध्ये आहे, आर्मामध्ये आहे आणि मोनाहनमध्येही आहे. म्हणजे नुसते गावाचे नाव पुरत नाही. काउंटी आणि पॅरिशही माहीत असावे लागते.

सुदैवाने स्कॉटलंडचे दाखले तपशीलवार आहेत. तेथे जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. विवाहाच्या दाखल्यावर वधू आणि वर दोघांच्याही आईवडिलांची नावे असतात, आईचे माहेरचे आडनावही असते. मृत्यूच्या दाखल्यावरही मृताच्या आईवडिलांची नावे असतात. आयर्लंडमध्येच मरण पावलेल्या, कधीही स्कॉटलंडला न आलेल्या पिढीचे नाव असे हाती लागते. अर्थात ही माहिती मृताच्या मुलाने किंवा शेजाऱ्याने सांगितलेली असते. न पाहिलेल्या आजीचे आडनाव चुकण्याची शक्यता लक्षात ठेवावी लागते.

जन्माच्या दाखल्याचे महत्त्व वेगळेच आहे. १८५५ मध्ये आणि पुन्हा १८६१ पासून त्यावर आईवडिलांचा विवाह कधी आणि कुठे झाला, हेही लिहिलेले असते. समजा, १८६३ मध्ये ग्लासगोत जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर आईवडिलांचा विवाह १८५२ मध्ये डोनेगल काउंटीतील अमुक पॅरिशमध्ये झाल्याचे नमूद आहे, तर शोधाचा निम्मा रस्ता तिथेच संपतो. म्हणून फक्त आपल्या थेट पूर्वजाचा दाखला पाहून थांबायचे नसते. त्याच्या सगळ्या भावंडांचे दाखले पाहायचे असतात. एका दाखल्यावर ‘आयर्लंड’ एवढेच असते, तर दुसऱ्यावर त्याच कारकुनाने किंवा दुसऱ्याने गावही लिहिलेले असते. १८५५ या पहिल्या वर्षीचे दाखले तर इतके विस्तृत होते की त्यात आईवडिलांचे वय आणि जन्मस्थानही विचारले गेले. नोंदणी अधिकाऱ्यांना हे काम झेपेना, म्हणून पुढच्या वर्षी रकाने कमी करण्यात आले.

हे सर्व दाखले, जनगणनेचे तक्ते आणि कॅथलिक चर्चच्या स्कॉटलंडमधील नोंदवह्या ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. प्रतिमा पाहण्यासाठी शुल्क भरावे लागते.

जनगणनेवर कितपत विश्वास ठेवावा?

१८४१ ते १९२१ पर्यंतच्या स्कॉटलंडच्या जनगणना आज खुल्या आहेत. मात्र त्या सावधपणे वाचाव्या लागतात. १८४१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. म्हणजे ४४ वर्षांचा माणूस कागदावर ४० चा होतो.

जन्मस्थानही प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही. १९१६ च्या डब्लिनमधील उठावाबद्दल ब्रिटिशांनी ज्यांना गोळ्या घातल्या, ते आयरिश नेते जेम्स कॉनली हे याचे प्रसिद्ध उदाहरण. त्यांचा जन्म ५ जून १८६८ रोजी एडिंबरोच्या काउगेट भागात झाला. ही वस्ती ‘लिटल आयर्लंड’ म्हणून ओळखली जाई. आईवडील मोनाहन काउंटीतून आलेले. पण आयर्लंडच्या १९११ च्या जनगणनेत कॉनली यांच्या नावापुढे जन्मस्थान म्हणून मोनाहन लिहिलेले आहे. एडिंबरोच्या जन्मनोंदीमुळे खरे काय ते कळले. ज्या माणसाचे नाव आयर्लंडच्या इतिहासात कोरले गेले, त्याच्याबाबत हे घडू शकते. मग सामान्य मजुराच्या नोंदीत चूक किंवा सोयीचे उत्तर असणे नवलाचे नाही. म्हणूनच एका जनगणनेवर न विसंबता दर दहा वर्षांचा तक्ता पाहणे भाग असते. पाचपैकी चार वेळा ‘आयर्लंड’ आणि एकदा ‘आयर्लंड, फर्मानाह’ असे लिहिलेले असेल, तर त्या एका नोंदीसाठीच हा खटाटोप असतो.

गावाचे नाव सर्वांत खात्रीने कुठे मिळते?

याचे उत्तर थोडे अस्वस्थ करणारे आहे. गावाचे नाव मिळण्याची सर्वाधिक शक्यता असते ती मदतीसाठी हात पसरावा लागलेल्या पूर्वजांच्या कागदांत. स्कॉटलंडमध्ये १८४५ च्या गरीब कायद्यानंतर प्रत्येक पॅरिशमध्ये मंडळे स्थापन झाली आणि गरिबांना मदत देण्याचे काम त्यांच्याकडे आले. कोणी अर्ज केला की निरीक्षक घरी जाऊन चौकशी करी. वय, धर्म, व्यवसाय, आजार, आधीचे पत्ते, मुलांची वये, आईवडिलांची नावे आणि जन्मस्थान अशी सारी माहिती लिहून घेतली जाई.

एवढी बारकाईने चौकशी दयेपोटी होत नव्हती. खर्च कोणत्या पॅरिशने सोसायचा, हा प्रश्न होता. पॅरिशमध्ये सलग पाच वर्षे राहिल्याशिवाय तेथील मदतीचा हक्क लागू होत नसे आणि तो नसलेल्या आयरिश माणसाला आयर्लंडला परत पाठवता येत असे. परत पाठवायचे तर कुठे, हे माहीत हवे. म्हणूनच जनगणनेच्या कारकुनाला जे विचारण्याची गरज वाटली नाही, ते गरीब कायद्याच्या निरीक्षकाने नेमके विचारले : आयर्लंडमध्ये कुठे?

परिणामी, ज्या घरातला कर्ता माणूस धडधाकट राहिला आणि ज्याला कधी अर्ज करावा लागला नाही, त्याचे मूळ गाव हरवले. ज्या घरातील विधवेला चार मुलांसह दारात उभे राहावे लागले, तिचे गाव कागदावर टिकले. ग्लासगोच्या मिचेल लायब्ररीतील शहर अभिलेखागारात अशा अर्जांचा मोठा संग्रह आहे. अनेक घराण्यांची साखळी तिथेच जुळते. थेट पूर्वजाने अर्ज केला नसला, तरी त्याच्या भावाने, बहिणीने किंवा म्हाताऱ्या आईने केलेला असू शकतो.

आयर्लंडमधील कागद कुठे गेले?

गावाचे नाव हाती आल्यावरही वाट सोपी नाही. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनच्या फोर कोर्ट्स संकुलातील सार्वजनिक अभिलेखागार स्फोट आणि आगीत भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे जवळपास सर्व तक्ते, अनेक शतकांची मृत्युपत्रे आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या नोंदवह्या त्यात गेल्या. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे तक्ते त्याआधीच सरकारने नष्ट केले होते; १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी गेले. त्यामुळे पूर्ण स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी आयरिश जनगणना १९०१ ची आहे. दुष्काळात देश सोडलेल्यांसाठी ती ५० वर्षे उशिरा झाली.

मात्र सगळेच जळाले, हा समज चुकीचा आहे. कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या त्या इमारतीत नव्हत्या. त्या आपापल्या पॅरिशमध्येच होत्या. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडने २०१५ मध्ये त्यांच्या प्रतिमा विनामूल्य खुल्या केल्या. त्या साधारण १८८० पर्यंतच्या आहेत. त्यात बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपिता आणि धर्ममातेची नावे मिळतात. ते बहुधा जवळचे नातेवाईक असत. नावे अनेकदा लॅटिनमध्ये असतात : जेम्सचा ‘जेकोबस’ झालेला असतो.

जनगणनेची उणीव दोन महसुली नोंदी काही प्रमाणात भरून काढतात. १८२३ ते १८३७ या काळातील दशमांश कराच्या वह्यांत जमीन कसणाऱ्यांची नावे आहेत. १८४७ ते १८६४ दरम्यान झालेल्या ‘ग्रिफिथ मूल्यांकना’त प्रत्येक टाउनलँडमधील घर आणि जमिनीच्या ताबेदाराचे नाव आहे. दोन्हींत फक्त कुटुंबप्रमुख सापडतो आणि भूमिहीन मजूर निसटतात. तरीही एखादे आडनाव विशिष्ट टाउनलँडमध्ये होते की नाही, हे यावरून कळते.

वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचीही एक नोंद उपयोगी पडते. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले. पण आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्मनोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली होती. त्याआधी जन्मलेल्यांनी वयाचा पुरावा कुठून आणायचा? त्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्यांचे नाव शोधले जाई. मूळ जनगणना जळाली, पण त्या शोधाचे अर्ज आणि उतारे उरले. जून २०२२ मध्ये, आगीला १०० वर्षे होत असताना, ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या पुढाकाराने ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ सुरू झाली. इतर संग्रहांत शिल्लक असलेल्या प्रती आणि उतारे तेथे एकत्र केले जात आहेत. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंटींसाठी बेलफास्टमधील सार्वजनिक अभिलेखागारही महत्त्वाचे आहे.

आडनावावरून काही कळते का?

काही प्रमाणात. गॅलाहर, बॉइल, डोहर्टी ही आडनावे डोनेगल आणि परिसरात दाट आढळतात. स्कॉटलंडच्या कारकुनांनी ती आपल्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगमध्ये आयर्लंडमधल्या ‘जी’च्या जागी स्कॉटलंडमध्ये ‘सी’ आला आणि गॅलाहरचे गॅलाखर झाले. डोहर्टीमध्ये एक जादा ‘सी’ शिरला आणि ते डॉखर्टी झाले. अनेक आडनावांपुढील ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळून पडले, पुढच्या पिढीत पुन्हा जोडले गेले. त्यामुळे एकाच कुटुंबाची तीन-चार स्पेलिंग गृहीत धरून शोध घ्यावा लागतो. ‘मॅक’ म्हणजे स्कॉटिश आणि ‘ओ’ म्हणजे आयरिश हा ठोकताळा मात्र खोटा आहे. ‘मॅक’ दोन्हीकडे आहे.

डीएनए चाचणीने प्रश्न सुटतो का?

सुटत नाही, पण मदत होते. चाचणी करणाऱ्या कंपन्या वंशाची टक्केवारी सांगतात. मात्र पश्चिम स्कॉटलंड आणि आयर्लंडचा उत्तर भाग यांच्यातील लोकसंख्या इतकी मिसळलेली आहे की दोहोंमध्ये स्पष्ट रेघ ओढणे अवघड जाते. १६०९ पासून अल्स्टर प्रांतात हजारो स्कॉटिश कुटुंबे वसवण्यात आली. एकोणिसाव्या शतकात ग्लासगोला आलेल्या ‘आयरिश’ लोकांपैकी अनेक जण याच प्रोटेस्टंट कुटुंबांतले होते. म्हणजे ज्याला आयरिश मूळ समजून शोधायला निघालो, ते दोनशे वर्षांपूर्वीचे स्कॉटिशच निघू शकते. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरील ‘एम-२२२’ ही खूण वायव्य आयर्लंडमध्ये मोठ्या प्रमाणात आढळते, पण ती स्कॉटलंडमध्येही आहे.

खरा उपयोग होतो तो टक्केवारीचा नव्हे, तर जुळणाऱ्या नातेवाइकांचा. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत राहणाऱ्या दूरच्या चुलतभावाशी डीएनए जुळला आणि त्याच्याकडे टाउनलँडचे नाव असेल, तर अडलेला शोध पुढे सरकतो. अर्थात नाते जितके दूरचे, तितका डीएनएचा वाटा कमी. पणजोबांपैकी एकाचा वाटा सरासरी साडेबारा टक्के असतो, त्यामागे दोन पिढ्या गेलो की तो तीन टक्क्यांवर येतो.

आयरिश पासपोर्ट मिळू शकतो का?

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर अनेकांनी या प्रश्नासाठीच जुने दाखले बाहेर काढले. आजी किंवा आजोबांपैकी एकाचा जन्म आयर्लंड बेटावर झाला असेल, तर परदेशी जन्मनोंदवहीत नाव नोंदवून आयरिश नागरिकत्व मिळवता येते. यात उत्तर आयर्लंडमधील जन्मही धरला जातो. पणजोबांच्या आधारावर अर्ज करायचा, तर अर्जदाराच्या जन्माआधी त्याच्या आईने किंवा वडिलांनी अशी नोंदणी केलेली असावी लागते. त्यामुळे १८४७ मध्ये आलेल्या पूर्वजाचा पासपोर्टसाठी उपयोग नाही.

मग घराण्याने हे मूळ विसरावे तरी कसे?

बऱ्याचदा ते मुद्दाम विसरले गेले. नोकरी देताना नाव, शाळा, धर्म पाहिला जाई. १९२३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेपुढे आलेल्या एका अहवालाचा विषयच आयरिश वंशाचा स्कॉटिश राष्ट्रीयत्वाला असलेला धोका असा होता. २००२ मध्ये चर्चने त्याबद्दल खेद व्यक्त केला. मधल्या काळात कित्येक घरांत आजोबांनी आयर्लंडचे नाव काढले नाही, स्पेलिंग बदलले, मुलांना काही सांगितले नाही. दुसरीकडे काहींनी हीच ओळख उघडपणे जपली. ग्लासगोच्या पूर्व भागातील गरिबांच्या मदतीसाठी १८८७ मध्ये स्थापन झालेला सेल्टिक फुटबॉल क्लब हे त्याचे ठळक उदाहरण. त्याचे संस्थापक ब्रदर वॉलफ्रिड हे स्लायगो काउंटीतील बॅलीमोटचे.

म्हणून शोध सुरू करताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीशी बोलणे हा पहिला टप्पा मानला जातो. तिला काउंटी आठवणार नाही कदाचित. पण कोणाच्या मयतीला कोण आले होते, उन्हाळ्यात मावशी कुठे जात असे, हे आठवते. दाखले आणि तक्ते अभिलेखागारात पुढेही राहतील. या आठवणींची मात्र दुसरी प्रत नाही.